बाहेरचे दोन

कॅनिफच्या सिग्नलला गाडी बंद पडली. दिवा लाल होता तोवर इंजिन चालू होतं, निदान स्टाशाला तसं वाटत होतं. हिरवा लागला, तिनं उजवा पाय दाबला, पेडल तळाला टेकलं आणि पुढं काही झालं नाही. गाडी नुसती उभी राहिली. पासष्ट सालची, फिकट निळी, जुन्या पाँटिअॅक गाड्या असतात तशी लांबरुंद, रस्त्याची एक आख्खी बाजू अडवून. मागच्यानं हॉर्न दिला. मग त्याच्या मागच्यानं, अंमळ जास्त वेळ. किल्ली फिरवली तर इंजिन कण्हत फिरलं आणि कच्च्या पेट्रोलचा वास आत आला, इतका दाट की तिला काच खाली करावी लागली. तिला भीती वाटली नाही. लाज वाटली. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन गेल्याशिवाय फ्लोरियन गाडी बाहेर काढत नसे, म्हणून तीही मे महिन्यापर्यंत थांबली होती. तो गेल्यानंतर आज पहिल्यांदाच तिनं गॅरेजचं दार उघडलं होतं, आणि बेकरीपर्यंतसुद्धा गाडीनं साथ दिली नाही.

समोरच्या किराणा दुकानातून दोन माणसं धावत आली आणि त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली. धाकटा लगेच आत गेला. थोरला, लांब पांढऱ्या झब्ब्यातला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"आंटी, ही गाडी मी ओळखतो," तो म्हणाला. "तुमच्या मागच्याच गल्लीत राहतो मी. रविवारी तुमचे मिस्टर हिच्या पोटात डोकं घालून असायचे. कानात रबरी नळी. आणि तुम्ही आत बसलेल्या. माझी बायको खिडकीतून बघायची आणि म्हणायची, या डॉक्टरला नर्स चांगली मिळालीये."

स्टाशा हसली.

"बरे आहेत ना? दिसले नाहीत बरेच दिवसांत."

"गेले ते. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी."

त्यानं बॉनेटवरचा हात काढून घेतला, आणि तो कुठं ठेवावा ते न सुचून स्वतःच्या छातीवर ठेवला. मग दुकानात जाऊन त्यानं तिच्यासाठी कागदी पेल्यात चहा आणला. दुधाचा, फार गोड. भावाला फोन करून, तो येईपर्यंत स्टाशा तो चहा पीत गाडीत बसून राहिली.

गाडीला तीन कार्ब्युरेटर होते, इंजिनच्या माथ्यावर एकामागे एक. हे सांगताना फ्लोरियन नेहमी तीन बोटं वर करायचा. मधला रोजचा. बाजारात जा, चर्चला जा, सगळं तो एकटा ओढतो. पुढचा आणि मागचा मिटून बसलेले असतात. पाय अर्ध्याच्या खाली गेला की मगच ते उघडतात, आणि तिघं मिळून हवा आणि पेट्रोल आत खेचायला लागले की गाडी, फ्लोरियनच्या भाषेत, खुर्ची सोडते. पण तिघांचा श्वास सारखा हवा. एक जरी मागं-पुढं झाला तरी इंजिन अडखळतं. तो श्वास फ्लोरियन कानानं जुळवायचा. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेची शीळ ऐकायची, स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायची. त्या वेळी गल्लीत कुणी खोकलेलंसुद्धा त्याला चालायचं नाही. हॅमट्रॅमक गावातल्या निम्म्या जुन्या गाड्या त्याच्या कानाखालून गेलेल्या होत्या, आणि या सगळ्यात स्टाशाचं काम पाय देण्याचं. त्यानं बोट वर केलं की दाबायचं, खाली केलं की सोडायचं, तळहात दाखवला की आहे तिथंच धरायचं. बोटाच्या एका पेराइतका फरक ती पायानं ओळखायची. जुन्या गाड्यांच्या क्लबातली माणसं म्हणायची, फ्लोरियनचा उजवा पाय स्टाशाच्या बुटात आहे. हे ऐकून ती रागावल्यासारखं करायची आणि घरात जाऊन कॉफी चढवायची. आपण कशाला तरी लागतो, ही गोष्ट तिला फार कमी वेळा इतकी उघड कळली होती.

चेट त्याचा ट्रक घेऊन आला. स्टाशाचा धाकटा भाऊ, आता तोही सत्तरीला आलेला, पण उतरल्या उतरल्या भांडायची सवय तीच.

"तुला सांगितलं होतं ना, आधी मला बोलव, मग गाडी काढ."

"जेवायला बोलावलं तर येत नाहीस. गाडीसाठी बरा धावत आलास."

"तुझं जेवण रस्त्यात बंद पडत नाही." त्यानं बॉनेट उघडून वाकून वास घेतला. "पूर आलाय आत. मधला ओकतोय. तू पुन्हा पुन्हा पेडल दाबलंस ना?"

"दाबणार नाही तर काय करणार? मागून सगळं शहर बोंबलत होतं."

"फ्लोरियन असता तर म्हणाला असता, चेट, तुझ्या बहिणीनं माझी गाडी बुडवली."

"फ्लोरियन असता तर मी सांगितलं असतं, तुझी गाडी आधीच बुडालेली होती," असं ती म्हणाली खरी, पण म्हणताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नुसता टोला होता तो.

गॅरेज घराच्या मागं, गल्लीच्या तोंडाशी. थंडीभर ते बंद होतं, आणि आत अजून फ्लोरियनचा वास होता असं म्हणता येणार नाही. ग्रीसचा होता, ओल्या सिमेंटचा होता. चेटनं दिवा लावला आणि कामाला लागला. स्टाशा उलट्या बादलीवर बसली. घरात परत जायचं कारण तिला सापडेना. चेट प्रत्येक स्क्रू काढण्याआधी पूर्ण आत बसवायचा, किती आटे फिरला ते पुटपुटायचा आणि मग काढायचा, म्हणजे परत लावताना तो होता तिथं नेता येतो. ते पुटपुटणं ऐकताना तिला वाटलं, ही फ्लोरियनच्या हाताची शेवटची जागा. बोटांनी सोडलेली आणि अजून तशीच असलेली. घरातल्या कशाबद्दल असं सांगता आलं नसतं. त्याची खुर्ची सरकली होती, त्याची उशी तिनं उसवून धुतली होती.

मधल्या कार्ब्युरेटरच्या पोटातून चेटनं पितळेचा फ्लोट काढला. अंगठ्याएवढा पोकळ डबा. पेट्रोलवर तरंगतो आणि पुरेसं भरलं की येणारी वाट बंद करतो. त्यानं तो स्टाशाच्या हातात दिला. "हलव. कानाशी धर." तिनं हलवला. आत काहीतरी बारीक डचमळलं, इतकं बारीक की श्वास रोखावा लागला. "त्याच्याच पोटात पेट्रोल शिरलंय. तरंगणारा बुडाला की पूर येणारच." सूपचं पातेलं आणून त्यांनी पाण्याला उकळी आणली आणि फ्लोट त्यात दाबून धरला. सांध्यापाशी बुडबुड्यांची एक ओळ निघाली, सुईच्या टोकाएवढी. डाग द्यायचा तोसुद्धा थेंबाहून कमी, चेट म्हणाला. जास्त दिला तर जड होतो आणि बरा होऊनही बुडतो.

मग त्यानं पुढचा कार्ब्युरेटर उचलला आणि गप्प झाला. चेट गप्प होणं ही त्यांच्या घराण्यात घटना होती. त्यानं मागचा उचलला. दोन्हीच्या बुडाशी, जिथं इंजिनमध्ये उतरणारी भोकं दिसायला हवी होती, तिथं चकचकीत पत्रा होता. गॅस्केटच्या आकारात कात्रीनं नीट कापलेला, कडा कानशीनं घासून गोल केलेल्या.

"हे काय?"

"पत्रा."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"बंद करायला." चेटनं चाकूच्या टोकानं एक पत्रा सोडवला. "बाहेरचे दोन नुसते शोभेचे होते, स्टाशा. वरून झाकणं उघडायची, दांड्या हलायच्या, बघणाऱ्याला वाटायचं तिन्ही चालू आहेत. खाली वाट बंद. पेट्रोलसुद्धा येत नव्हतं, हे बघ, नळीत पोलादी गोळी बसवलीये. आतून कोरडे ठणठणीत."

"तू केलंस?"

"मी? मी असं केलं असतं तर फ्लोरियननं मला गल्लीतून हाकललं असतं. असं करणाऱ्यांना तो काय म्हणायचा, आठवतं ना? कवळी घालून अक्रोड मिरवणारे." तो हसायला गेला आणि थांबला. "त्याचंच काम आहे. अशा कडा दुसरं कोण घासणार?"

स्टाशानं पत्रा उलटा केला. मागच्या बाजूला लाल रंग होता, सोनेरी काठ होता आणि अर्ध्या मुकुटाचं चित्र. हॅमचा, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा डबा. रेनाटा अॅरिझोनाला राहायला गेली त्या पहिल्या नाताळात तिनं आईबापांना पाठवलेला. पुढच्या वर्षीपासून डॉक्टरनं फ्लोरियनचं मीठ तोडलं आणि रेनाटा संत्र्यांची पेटी पाठवायला लागली. म्हणजे डबा घरात आला तो एकाच नाताळात. आणि त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात फ्लोरियननं पहिल्यांदा गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. तोवर तिनं ही गाडी गल्लीत उभ्या उभ्याच दाबलेली. रस्त्यावर तो चालवायचा, ती शेजारी असली की संथ, कारण तिला वेगाची धास्ती. गाडी खुर्ची कशी सोडते ते बघायला तो एकटा जायचा, नाहीतर चेटला न्यायचा. त्या उन्हाळ्यात म्हणाला, तू चालव, मला शेजारी बसून बघायचंय. बंद कारखान्याच्या मागं एक सरळ रिकामा रस्ता आहे, तिथं. तो म्हणाला, दाब, पूर्ण. तिनं दाबलं. तो म्हणाला, जाणवलं? बाहेरचे दोन उघडले, जाणवलं का? आणि ती म्हणाली, हो.

तिला काही जाणवलं नव्हतं. गाडीचा वेग वाढला, जसा कुठल्याही गाडीचा वाढतो. तिनं मनाशी म्हटलं, हे आपल्याच अंगाचं बथ्थडपण असणार; पुरुषांना जाणवत असेल, ज्यांनी ते पुर्जे हातात घेतलेत त्यांना जाणवत असेल. आणि तो इतक्या आशेनं बघत होता. त्यानंतर दर उन्हाळ्यात, महिन्यातून एकदोन रविवारी, तो रस्ता, ते दाबणं, तो प्रश्न. हो म्हणणं तिला सरावाचं झालं. नुसतं हो कोरडं वाटतं म्हणून ती भर घालायला लागली. एकदा म्हणाली, कुणीतरी पाठीला हात लावून उचलल्यासारखं. एकदा म्हणाली, झोका वर जाताना पोटात होतं तसं. ही वाक्यं ती कधी कधी चर्चमध्ये बसून आधी तयार ठेवायची. आणि तो मान हलवायचा, क्षणभर तिच्याकडे तसाच बघत राहायचा आणि मग समोर बघायचा. तिला वाटायचं, आपण याला काहीतरी देतोय.

पत्रा हातात घेऊन ती बादलीवर बसली होती आणि एकच गोष्ट तिच्या डोक्यात उभी होती. त्याला ठाऊक होतं. खाली वाट बंद होती, त्यानंच केली होती, तेव्हा दर वेळी ती हो म्हणाली की त्याला ठाऊक होतं की ही खोटं बोलतेय. पहिल्या वेळेपासून. मग तो विचारत का होता?

"का केलं असेल त्यानं?" तिनं चेटला विचारलं.

चेट चिंधीला हात पुसत राहिला. "तिन्ही जुळवायला कान लागतो. त्याचा गेला होता."

"कान?"

"तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये. पत्रे ठोकणारी ती धूडं. जाणारच. आम्हाला क्लबात कळलं होतं. त्यानं लोकांच्या गाड्या घेणं बंद केलं, हात थरथरतात म्हणायचा. हात कुठं थरथरत होते? या कडा बघ." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आम्हाला वाटायचं तुम्ही दोघं मिळून लपवताय. म्हणून कुणी काही बोललं नाही."

चेटकडे एक यंत्र होतं. काचेच्या नळीत लाल गोळी असते, कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरलं की हवेच्या जोरानं वर उचलली जाते; तिन्हीकडे सारख्या उंचीवर आली की झालं. कान नको, डोळे पुरतात. क्लबात आता सगळे तेच वापरायचे. फ्लोरियन त्याला थर्मामीटर म्हणायचा. आईनं पोराच्या कपाळाला हात लावायचा सोडून थर्मामीटर शोधत बसावं तसं आहे हे, म्हणायचा. चारचौघांत इतक्या वेळा म्हणाला होता, की नंतर ते यंत्र विकत घेणं त्याला शक्यच राहिलं नसेल. त्यापेक्षा डबा कापणं सोपं. आणि तरी दर रविवारी बॉनेट उघडून, कानात नळी घालून तो उभा राहायचा, बोट वर, बोट खाली, तळहात. आणि ती पाय द्यायची. त्या नळीतून त्याला काय येत होतं? काहीच नाही. दोन्ही टोकांना काही नाही.

पुर्जे साफ करायच्या औषधात भिजत पडले, नवी गॅस्केटं आणि सुया टपालानं यायच्या होत्या. मधले दिवस स्टाशाचे घरात गेले. घर तेच होतं, पण त्याच्यातली प्रत्येक गोष्ट तिला उचलून उलटी करून बघावीशी वाटत होती. दुपारी चर्चची घंटा झाली. पूर्वी घंटेबरोबर फ्लोरियन हत्यारं खाली ठेवायचा आणि दोन मिनिटांत हात धुऊन टेबलाशी असायचा. शेवटच्या वर्षांत येईनासा झाला. सूप निवायचं. ती मागच्या दारातून हाका मारायची, मग गॅरेजपर्यंत जाऊन खांद्याला हलवायची. किती बोलली होती ती त्यावरून. त्या लोखंडाशीच लग्न करायचं होतंस, म्हणाली होती. आणि तो ओशाळून हसायचा. काय बोलली ते न कळता हसायचा, हे आता कळलं. स्वयंपाकघरातली आपली खुर्ची त्यानं खिडकीपासून काढून तिच्या समोर आणली होती. तिनं शेजारणीला अभिमानानं सांगितलं होतं, म्हातारपणी माझ्याकडे बघत बसतो.

तिनं रेनाटाला फोन केला. गाडीचं सांगितलं, पत्र्यांचं सांगितलं नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पप्पांना कमी ऐकू यायचं का गं?"

"आई, फोन केला की ते 'थांब, आईला देतो' एवढंच म्हणायचे. किती वर्षं."

"त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा होता."

"तू बोलायचीस तेव्हा ते तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे. तुला काय वाटलं, प्रेमानं?" आणि लगेच, "सॉरी. मला तसं नव्हतं म्हणायचं."

"कळलं मला," स्टाशा म्हणाली.

पण खरी गोष्ट फोन ठेवल्यावर आली, आणि ती आली तेव्हा स्टाशा उभी होती ती खाली बसली. शेवटच्या वर्षांतलीच गोष्ट, तिच्या बहिणीला पुरून ती दोघं याच गाडीतून परत येत होती. काचा खाली होत्या, मोठा रस्ता होता. फ्लोरियन चालवत होता, समोर बघत. ती बाहेर बघत होती. सगळा दिवस तिनं बहिणीच्या नवऱ्याला बघितलं होतं, चुकून दुसऱ्याच कुणाची टोपी हातात धरून उभा असलेला. आणि बाहेर बघतच ती म्हणाली होती, "मला मागं ठेवून जाऊ नकोस, फ्लोरियन. मला जमणार नाही." असं काही तिनं आयुष्यात त्याला सांगितलं नव्हतं. तो समोर बघत राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, पेट्रोल भरून घ्यायला हवं. ते उत्तर तिनं उराशी धरून ठेवलं होतं. त्याच्या आजारातसुद्धा, त्याला चमच्यानं भरवताना, कधी कधी तिच्या मनात यायचं, मी विचारलं तेव्हा तू पेट्रोलचं बोललास. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या संध्याकाळी तो काहीतरी विचारल्यासारखा तिच्या ओठांकडे बघत होता, आणि ती काही बोलली नाही. तेव्हा तिच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

चेट शनिवारी आला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये दारू असते, जुनं रबर त्यात फुगतं, म्हणून सगळे वायसर त्यानं नव्या जातीचे आणले होते. कार्ब्युरेटर धुऊन निघाले होते, राखाडी-सोनेरी, नव्या नाण्यासारखे. दोन पत्रे त्यानं पुसून बाकावर मांडून ठेवले होते.

"ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर सगळ्या जुन्या गाड्या निघतील तेव्हा क्लबाला ही गाडी पुढं हवीये," तो म्हणाला. "फ्लोरियनच्या नावानं. बॉनेट उघडून बघतात लोक, तुला माहितीये. मी पत्रे परत लावले तर कुणाला दिसायचं नाही. काढले तर गाडी खरी होईल, पण मग जो कुणी चालवेल त्याला फरक कळेल आणि विचारेल, आधी का नव्हतं. तू सांग. तुझी गाडी, तुझा नवरा."

"फरक कळतो?"

"फरक?" चेट हसला. "मेलेल्याला कळेल." आणि मग त्याचा चेहरा पडला. "स्टाशा, मी आपलं..."

"काढ," ती म्हणाली.

क्लबासाठी नाही, फ्लोरियनच्या नावासाठीही नाही. आपण इतकी वर्षं कशाला हो म्हणत होतो ते तिला बघायचं होतं. फरक बारीक निघाला, केसाएवढा, तर ती सुटत होती. मग तो समजला असता की बाईमाणूस आहे, हिला वाटलं असेल जाणवलं, मनापासून म्हणत असेल. मग ते खोटं राहत नव्हतं, चूक होत होती. आणि चुकीला माणूस शेजारी बसून मान हलवू शकतो.

चेटनं लाल गोळीचं यंत्र धरलं, ती आत बसली आणि पाय दिला. चेट बोटं करत नव्हता, ओरडत होता. "थोडं! अगं थोडं! धर!" गोळी तिन्हीकडे सारखी आली. मग त्यानं हात धुतले, तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, चल.

बंद कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर भेगांतून गवत उगवलेलं, एका बाजूला तारेचं कुंपण. स्टाशानं गाडी सरळ केली. मधल्यावर ती सुरेख चालत होती, कधी नव्हे इतकी. तिनं पाय खाली नेला, अर्ध्यापर्यंत, आणि अर्ध्याच्या खाली.

आधी आवाज आला. पाठीला कुणी हात लावला नाही, झोका नाही, पोटात काही नाही. समोरून, बॉनेटखालून, एक प्रचंड पोकळ आवाज उघडला, कुणीतरी महाकाय माणसानं तोंड उघडून श्वास आत ओढावा तसा, आणि तो थांबेना, वाढतच गेला. मग बॉनेटचं टोक उचललं गेलं, कुंपणाचे खांब एकमेकांना चिकटले, तिची मान मागं टेकली. चेट पोरासारखा ओरडला. तिनं पाय काढला तेव्हा तो आवाज मिटला आणि कानात नुसता वारा राहिला. गाडी हळू झाली. तिनं ती कडेला घेऊन उभी केली.

हे ज्यानं एकदा अनुभवलंय त्याला फसवणं शक्य नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या वाक्यांत, तिनं आवाजाचं एकदाही नाव घेतलं नव्हतं. पाठ, पोट, हात, झोका; आणि जे सगळ्यात आधी येतं, ज्याच्यापुढं बाकी काही शिल्लक राहत नाही, ते एकदाही नाही. फ्लोरियनला ते कानानं ऐकू येत नसेल, पण ते असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो शेजारी बसून रस्त्याकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. जाणवलं? हो. आणि मग तो क्षणभर थांबायचा. तो थांबणं तिला समाधानाचं वाटलं होतं. आता तिला वाटलं, तो थांबत होता दुसऱ्या कशासाठी तरी. ती एकदा जरी म्हणाली असती, नाही रे, मला तर काहीच वाटलं नाही, तर कदाचित तो म्हणाला असता, नाहीच वाटणार, अगं, मी बंद केलेत ते. मला ऐकू येत नाही, स्टाशा. त्याला स्वतःहून सांगता येत नव्हतं म्हणून तो तिला विचारत होता. दर रविवारी तो दार किलकिलं करायचा आणि ती गोड बोलून ते लावून घ्यायची. असंही असेल. किंवा नसेलही. कदाचित त्याला तेवढंच हवं असेल, कुणीतरी हो म्हणणं. विचारायला तो नव्हता.

"बोल की काहीतरी!" चेटचे डोळे चमकत होते. "फ्लोरियनला सांगायचीस तसं."

"तुला काय माहीत मी काय सांगायचे?"

"तोच सांगायचा क्लबात. स्टाशा म्हणते पाठीला हात लावून उचलल्यासारखं वाटतं. स्टाशा म्हणते झोका वर गेल्यासारखं. आम्ही म्हणायचो, ऐकलंय रे बाबा, गेल्या वेळीच सांगितलंस."

तिनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "हसायचा का?"

"कोण?"

"फ्लोरियन. हे सांगताना हसायचा का तो?"

चेटनं विचार केला. तो खरंच विचार करतोय हे तिला दिसत होतं. बहिणीला बरं वाटेल असं काही शोधत नव्हता, त्याला ते जमलंही नसतं.

"नाही," तो म्हणाला. "हसायचा नाही. आम्ही हसायचो. तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा."

कुंपणापलीकडे कारखान्याच्या रिकाम्या आवारात सरोवरावरचे पांढरे पक्षी उतरले होते, मोडक्या डांबरावर इकडंतिकडं चालत होते. स्टाशा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. ती वळवून तिनं घराच्या दिशेला लावली आणि पाय इतका हलका ठेवला की बाहेरचे दोन मिटलेलेच राहिले. काचा वर होत्या. इंजिनचा आवाज एवढा खाली आला होता की शेजारी बसलेल्याशी, त्याच्याकडे तोंड करून, हळू आवाजातसुद्धा बोलता आलं असतं. पण शेजारी चेट होता.